मदत हवी आहे: आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, जर्मनीत काय करू?

नमस्कार मंडळी. मी स्टुटगार्टला राहते. आई साताऱ्याहून अडीच महिन्यांसाठी आली आहे आणि गोळ्यांची एक पिशवी तिकडे देवघरापाशीच राहिली. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र असलेली गोळी आहे. पट्टीत आता सहाच उरल्यात. काल कळलं की मला न सांगता ती एक दिवसाआड घेत होती, "पुरवून वापरते गं" म्हणाली. मशीनवर १६०/९५ आलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

औषधांच्या दुकानात साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालली नाही, इथल्याच डॉक्टरांची आणा म्हणाले. जवळच्या दोन दवाखान्यांत नवीन पेशंट घेत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा विमा आहे, पण त्यात जुने आजार धरलेले नाहीत. आम्ही खिशातून द्यायला तयार आहोत.

असे पैसे भरून फॅमिली डॉक्टरांकडे कुणी आईवडिलांना नेलंय का? फी साधारण किती झाली? ११६११७ वर (दवाखाने बंद असताना डॉक्टरांच्या मदतीसाठीचा इथला नंबर) नुसत्या चिठ्ठीसाठी फोन करणं योग्य आहे का? जुन्या चिठ्ठीचं जर्मन भाषांतर लागतं का? कृपया लवकर सांगा.