मंदीत मालकाला दाखवायचं काय? माझं मत: अवजारांची यादी तर नक्कीच नाही

हिंजवडी_फेज३

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांचं बेंचचं, म्हणजे प्रोजेक्टविना बसून राहण्याबद्दलचं धोरण आलं होतं: वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल (क्लायंटला बिल लावता येईल असं काम), बेंचवर ३५ दिवसांहून जास्त नाही. तेव्हापासून ओळखीतल्या निम्म्या लोकांनी बायोडेटा धूळ झटकून बाहेर काढलाय.

मी मुलाखतीच्या पॅनेलवर बसतो, म्हणून हा धागा. आलेल्या बहुतेक बायोडेटांच्या माथ्यावर तेच ते: लवचीकता, संघभावना, नेतृत्व आणि हल्ली एआय. खाली जावा, पायथन, एडब्ल्यूएस, जेनकिन्स अशी वाणसामानाची यादी. चांगल्या दिवसांत हे खपून जायचं. हात आखडता घेतलेला मालक मात्र एवढंच बघतो, की काम अडलं तेव्हा या माणसाने काय केलं.

उदाहरण देतो. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडच्या शेअर बाजारात सगळे शेअर टी प्लस वनवर गेले. सौद्याचा हिशेब दोन दिवसांनी पुरा व्हायचा, तो दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी व्हायला लागला. मागे चालणाऱ्या सिस्टिमांची एक अख्खी रात्र गेली. त्या कामावरचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. बायोडेटात फक्त ‘कॅपिटल मार्केट डोमेन, ४ वर्षं’. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की कस्टोडियनची (मोठ्या गुंतवणूकदारांचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेची) फाइल उशिरा आली तर उरलेलं काम अडू नये म्हणून पर्यायी रस्ता यानेच बांधला होता. अहो, मग हे पहिल्या ओळीत का नाही? नवी भाषा माणूस महिन्या-दोन महिन्यांत उचलतो. ती फाइल नेमकी कुठे आणि का अडते हे कळायला वर्ष जातं.

वजाबाकी

साफ असहमत. तुम्ही खोदून विचारलंत, कारण तो तुमच्यापर्यंत पोचला. पोचला कसा? त्याच वाणसामानाच्या यादीमुळे. नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर ‘स्प्रिंग बूट, काफ्का, ५ ते ८ वर्षं’ असं टाकून शोधतो. ‘कस्टोडियनची फाइल अडली तेव्हा’ असं टाकून कुणी शोधत नाही. पॅनेलवाल्यांना सगळं जग मुलाखतीच्या खोलीपासून सुरू होतं असं वाटतं.

एचआरवाली_बाई

वजाबाकी यांना अर्धं अनुमोदन. यादी लागते, पण ती खाली असली तरी शोधात येते. वरच्या चार ओळी माणूस वाचतो, तिथे हिंजवडीकर म्हणतात तेच हवं.

मात्र दोघांनीही खरी गोष्ट सोडली. माझा पहिला प्रश्न कौशल्याचा नसतोच. नोटीस किती (राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागतं), सध्याचा सीटीसी (वर्षाचं एकूण पगाराचं पॅकेज) किती, अपेक्षा किती. क्लायंटला माणूस पुढच्या सोमवारी हवा असतो आणि उमेदवाराची नोटीस ९० दिवसांची. दोन सारखे उमेदवार असले तर लवकर येणारा जिंकतो, मग दुसऱ्याने डोंगर का उचलला असेना.

आणखी एक, १५ वर्षं अनुभववाल्यांसाठी. ‘३० जणांची टीम सांभाळली’ ही ओळ सध्या अंगावर येते. वाचणाऱ्याला ती ‘स्वतः काही करत नाही’ अशी दिसते. कपात नेमकी त्याच थरात चाललीय. टीम होती हे लिहा, पण तुम्ही स्वतः काय ठरवलंत तेही लिहा. आणि तारखा फुगवू नका. पीएफच्या नोंदींवरून कुठे किती महिने होता ते कळतं.

इचलकरंजी_लेखा

आयटीच्या बाहेरही जग आहे म्हणून लिहितो. मी अकाउंट्समध्ये. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ‘टॅली येतं’ हे सगळेच सांगत होते. नंतर ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, सक्तीचं होण्याची मर्यादा उतरत गेली: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींची उलाढाल, ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटी. म्हणजे आमच्यासारख्या गावातले सूतवाले, प्रोसेसवाले एकेक करून त्यात आले.

२०२२ पासून खरेदीवरचं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) २बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर बनणाऱ्या यादीत, दिसेल तेवढंच मिळतं. समोरच्याने रिटर्न भरलं नाही की आपल्या शेठचे पैसे अडकतात. मी नोकरी बदलताना सांगितलं, की दर महिन्याला २बी जुळवतो, कोणते पुरवठादार चुकतात त्याची यादी ठेवतो आणि त्यांचं पेमेंट रिटर्न दिसेपर्यंत रोखायला शेठला सांगतो. शेठने टॅलीबद्दल विचारलंसुद्धा नाही. धंदा मंद असताना अडकलेला पैसा सोडवणारा माणूस कुणाला नको असतो?

सेटर_चाकण

तुम्हा सगळ्यांचं बरं आहे राव, कागदावर भागतं. आमच्याकडे बायोडेटा कुणी वाचत नाही. व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनवर) उभं करतात, ड्रॉइंग हातात देतात आणि म्हणतात, काढ पहिला जॉब. ऑफसेट कसा घेतोस, मायक्रोमीटर कसा धरतोस, पाच मिनिटांत कळतं सगळं.

पण मी म्हणतो, सगळं दाखवूच नका. सेटिंग येतं, प्रोग्रॅममध्ये बदल करता येतो, इन्सर्ट (कापणारी पात) कधी बदलायचा तेही कळतं, असं सांगून मी एका ठिकाणी लागलो. सगळं करून घेतलं आणि पगार ऑपरेटरचा. तोही ठेकेदाराकडून. मंदीत मालकाला तीन माणसांचं काम करणारा एक माणूस हवा असतो. ते तुम्ही कौशल्य म्हणून त्याच्या पुढ्यात मांडलंत की तो म्हणणार, घे बाबा, कर तिघांचं.

हिंजवडी_फेज३

सेटरभाऊ, ट्रायलचं वाचून हेवा वाटला. आमच्याकडे असं झालं तर अर्धी गर्दी पळेल. पण लपवण्याचा सल्ला मला पटत नाही. येतं ते सांगा आणि पदाचं नाव, पगार लेखी घ्या. ते न मागता लागलात तर दोष कौशल्याचा कसा?

सेटर_चाकण

लेखी मागणाऱ्याच्या मागे दहा जण गेटवर उभे असतात. तुम्ही मागून बघा.

वजाबाकी

मुद्द्यावर येतो. हिंजवडीकर, तुमच्या सल्ल्याला आधी संकट लागतं. मी सपोर्टमध्ये आहे. तिकीट (तक्रारीची नोंद) येतं, तिकीट बंद होतं. जे काही मोठं कोसळलं ते कायम दुसऱ्या शिफ्टला. मी काय गोष्ट रचून सांगू?

हिंजवडी_फेज३

रचू नका, आम्हाला दुसऱ्या प्रश्नात कळतं. कोणतं तिकीट परत परत यायचं? ते का येतं हे तुम्ही कधी शोधलंत का?

वजाबाकी

पासवर्ड रीसेट सोडलं तर महिनाअखेरच्या रिपोर्टचं. डेटाबेसमध्ये लॉक लागायचं. आपोआप चालणारे दोन जॉब एकाच वेळी सुटत होते. मी एकाची वेळ बदलून घेतली, मग ती तिकिटं थांबली. पण हे काय कौशल्य झालं? क्लायंटने साधं थँक्यूही म्हटलं नाही.

इचलकरंजी_लेखा

हेच लिहा की वरती!

एचआरवाली_बाई

लिहा. आणि वजाबाकी, नोटीस किती तुमची?

वजाबाकी

९० दिवस.

एचआरवाली_बाई

मग आधी मॅनेजरला बायआउटचं, म्हणजे नोटीसचे पैसे भरून लवकर सुटण्याचं विचारून या. ओळ नंतर लिहू.