आधार सासरच्या नावाने, बाकी सगळं माहेरच्या: आधी काय बदलू?

निशिगंध
नमस्कार मंडळी. दहावीची सनद, पदवी, पॅन, पासपोर्ट, पगाराचं बँक खातं आणि पीएफ हे सगळं माझ्या माहेरच्या नावाने आहे. लग्नानंतर सासरच्या गावी आधारचं शिबिर होतं. तिथे विवाह नोंदणीचा दाखला दाखवून आधार सासरच्या नावाने करून घेतलं, पाठोपाठ मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्डही. पॅन-आधार जोडणी त्याच्या आधीच झाली होती, त्यामुळे तिथे अडलं नाही.

आता पीएफ काढायला अर्ज केला, तर आधारशी नाव जुळत नाही म्हणून परत आला. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) २०१५ चा आहे आणि ती कंपनी बंद पडली आहे. मुलाच्या प्रवेशासाठी जूनच्या आत पैसे हवेत. एकूण खर्च ३,००० रुपयांच्या आत बसवायचा आहे आणि एजंट नको. सुरुवात कुठून करू?

सह्याद्रीवारा
गॅझेट करा, म्हणजे नावबदल सरकारी राजपत्रात छापून घ्या, दुसरा विचारच नको. शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरता येतो, राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येतं, पीडीएफ उतरवून घ्यायची. मी बायकोचं केलं. पासपोर्ट, बँक, पॅन, कुठेही कोणी हू की चू केलं नाही. सासरचं नाव पक्कं करा आणि एकेक कागद बदलत जा.

मोरपीस
एजंटला नाही म्हणू नका ताई. मी ९,००० दिले आणि घरबसल्या पॅन, बँक, पासपोर्ट सगळं नवीन नावाने हातात आलं. पैशाकडे बघत बसलात तर मुलाचा प्रवेश हुकेल.

निशिगंध
मोरपीस, ९,००० मला खरंच शक्य नाहीत. आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

चाफा_पांढरा
आधार केंद्रात जाल तेव्हा एक गोष्ट कराच. ऑपरेटर समोरच्या स्क्रीनवर माहिती दाखवतो, तेव्हा इंग्रजी आणि मराठी दोन्ही ओळी अक्षर न् अक्षर वाचा. मराठी नाव बऱ्याचदा संगणक आपोआप भरतो. माझ्या जावेच्या आडनावात 'ळ'चा 'ल' झाला, कोणी बघितलं नाही, आणि तोच पुढे रेशनकार्डावर चढला. घाई केली तरी हलू नका, पाठीमागे रांग असली तरी.

बांधावरचा
आधार-पॅन परवडलं, सातबाऱ्याचं बघा. आजीचं नाव एका गटात एक आणि दुसऱ्या गटात दुसरं. हस्तलिखितावरून संगणकावर घेताना झालेली चूक, आणि हेलपाटे आम्हाला. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला, जुन्या फेरफाराच्या नकला जोडल्या, तेव्हा कुठे दुरुस्त झालं. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी आजच उतारा काढून नावं तपासा, वारसनोंदीच्या वेळी भावकी याच काना-मात्रेवर अडवते.

सह्याद्रीवारा
बांधावरचा, धागा भरकटतोय. निशिगंध, पुन्हा सांगतो, गॅझेट.

सदाफुली
मला मूळ मुद्दा वेगळा वाटतो. लग्न झालं की नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. तरी प्रत्येक शिबिरात, प्रत्येक खिडकीवर बाईला विचारतात, "मिस्टरांचं नाव कुठंय?" मी बदललं नाही आणि माझा एकही अर्ज नावावरून अडलेला नाही.

इंदूताई_नाशिक
सदाफुली, तुमचं बरोबर असेल, पण आमच्या वेळी विचारायची सोयच नव्हती. लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलं तेच नाव झालं. मला ते आवडतं, माझं चाळीस वर्षांचं आयुष्य त्या नावात आहे. ज्या बदलतात त्यांना कमी लेखू नका.

सदाफुली
कमी लेखत नाही हो ताई. विचारलं जावं एवढंच म्हणणं आहे. निदान १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लावणं राज्याने सक्तीचं केलं: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हे फार आधी व्हायला हवं होतं.

दुबईवारी
त्यात अजून एक भर पडेल. चार शब्दांचं नाव पासपोर्टच्या दोन रकान्यांत नीट विभागा, आडनाव आडनावाच्याच रकान्यात. भावाच्या पासपोर्टवर पूर्ण नाव पहिल्या रकान्यात आणि आडनावाचा रकाना कोरा होता. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा बंद केला, तेव्हा त्याला धावपळ करून नवा पासपोर्ट काढावा लागला. निशिगंध, तुमचा तपासा.

निवृत्त_लिपिक
सगळे गॅझेट-गॅझेट म्हणताहेत, पण आधी दोन याद्या करा. माहेरच्या नावाचे कागद सहा, सासरच्या नावाचे तीन. त्यातली दहावीची सनद बोर्ड लग्नाच्या कारणाने बदलून देत नाही. म्हणजे गॅझेट केलं तरी सनद आणि गॅझेट दोन्ही आयुष्यभर बरोबर वागवायचे. मी शाळेच्या कार्यालयात होतो, जनरल रजिस्टरमधल्या (विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीतल्या) नोंदीसाठी पन्नाशीतले लोक येताना पाहिले आहेत. सनद हा खुंटा धरायचा आणि बाकी दावी त्याला बांधायची.

आता पीएफ. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतरचा आणि आधारने पडताळलेला असता, तर जानेवारी २०२५ पासून नाव स्वतः ऑनलाइन दुरुस्त करता आलं असतं. तुमचा त्याआधीचा, त्याला कंपनीच्या मालकाची संमती लागते. कंपनी बंद असेल तर संयुक्त घोषणापत्रावर (पीएफमधली माहिती दुरुस्त करायच्या अर्जावर) अधिकृत व्यक्तीची साक्षांकित सही घेऊन पीएफ कार्यालयात जायचं. होतं, पण जूनच्या आत होईल असं धरून चालू नका.

आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तुमची एक संधी गेली. दुसरी वापरण्याआधी नीट विचार करा. माझ्या मते ती राखून ठेवा आणि पीएफ कार्यालयाचाच रस्ता धरा.

मोरपीस
प्रतिज्ञापत्र करून टाका ना, "दोन्ही नावांची व्यक्ती एकच." माझ्याकडून ५०० चा स्टॅम्प घेतला होता.

निवृत्त_लिपिक
सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. खिडकीवरचा माणूस स्टॅम्प मागतो, आणि लोक वाद नको म्हणून देतात. हे थांबलं पाहिजे. मात्र प्रतिज्ञापत्राने आधारवरचं नाव बदलत नाही, आणि पीएफचा अर्ज संगणक तपासतो. तो प्रतिज्ञापत्र वाचत नाही.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. लिपिककाका, याद्या केल्या आणि त्यावरूनच ठरवलं: आधार परत माहेरच्या नावाने करणार. पीएफची नोंद, पॅन, बँक खातं तिन्ही आधीच त्या नावाने आहेत, त्यामुळे आधार बदललं की पीएफमध्ये काहीच दुरुस्त करायला नको. बंद कंपनीच्या मागे धावायलाही नको. पासपोर्ट चालू आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात आहे (दुबईवारी, बघितलं). तो मूळ प्रतीसह केंद्रात दाखवणार. नाही मानला तर गॅझेट, पण माहेरच्या नावाचं.

सह्याद्रीवारा
उलटं गॅझेट? शेवटची संधी अशी घालवू नका. उद्या मुलाच्या शाळेत आईचं आडनाव वेगळं का, म्हणून विचारतील.

इंदूताई_नाशिक
मलाही काळजी वाटते. सासरी बोलून घेतलंस का गं?

निशिगंध
बोलले, ताई. सासूबाईच म्हणाल्या, आधी पोराची फी भर. मुलाच्या जन्मदाखल्यावर माझं माहेरचंच नाव आहे, तेव्हा शाळेत उलट जुळेल. सह्याद्रीवारा, संधी शेवटची आहे म्हणूनच ज्या नावाने सनद आहे त्यावर वापरतेय. पुढे त्याला धक्का लागणार नाही.

चाफा_पांढरा
मिस्टरांचं नाव आधारवर हवं असेल तर ते पत्त्याच्या ओळीत 'केअर ऑफ'मध्ये येतं. त्यासाठी तुमच्या नावाला हात लावावा लागत नाही.

निवृत्त_लिपिक
माझा सल्ला वेगळा होता, पण तुमचा हिशोब चुकलेला नाही. दुरुस्तीची फी ७५ रुपये, पावती घ्या आणि तिच्यावरचा क्रमांक जपा. आधारवर माहेरचं नाव दिसू लागल्याशिवाय पीएफचा अर्ज टाकू नका, नाहीतर पुन्हा परत येईल. मतदार ओळखपत्राला फॉर्म ८, फी नाही. रेशनकार्ड सगळ्यात शेवटी, पुरवठा कार्यालयात नवं आधार दाखवून.

बांधावरचा
आणि सासरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं असेल तर तेही बघून घ्या.

निशिगंध
नाही लागलेलं. सोमवारी केंद्रात जातेय, मराठी ओळ वाचल्याशिवाय उठणार नाही.