सील केलं तरी ऊन आत येतंच

"काचेत नीट सीलबंद केलं की पेरोव्स्काइटचा प्रश्न मिटला," असं बरेचदा म्हणतात. पेरोव्स्काइट म्हणजे सौर सेलमध्ये ऊन शोषून घेणारे स्फटिकी पदार्थ, आणि प्रश्न त्यांच्या टिकण्याचा. दमटपणापुरतं हे म्हणणं खरं आहे. पाणी लागलं की मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड या नेहमीच्या पेरोव्स्काइटचा काळाभोर थर पिवळा पडतो. ते पिवळं म्हणजे मागे उरलेलं लेड आयोडाइड. पण ऊन कसं अडवणार? त्याच्यासाठीच तर सेल बनवलाय!

खरी गंमत आयोडाइड-ब्रोमाइडचं मिश्रण असलेल्या पेरोव्स्काइटमध्ये आहे. सिलिकॉनच्या सेलवर पेरोव्स्काइटचा सेल चढवून केलेल्या टँडम (दुहेरी) सेलला बहुतेक वेळा असंच मिश्रण लागतं. २०१५ मध्ये संशोधक होक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रकाश पडला की त्यातले आयन (विद्युतभारित अणू) सरकतात, आयोडाइडची वेगळी बेटं तयार होतात आणि विद्युतभार तिथेच जाऊन अडकतात. व्होल्टेज घसरतं. काही मिनिटं अंधारात ठेवा, मिश्रण पुन्हा एकजीव! म्हणजे उजेडात बिघाड, अंधारात दुरुस्ती. म्हणूनच सलग दिव्याखाली हजार तास टिकल्याच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. दिवस-रात्रीच्या चक्रात तोच सेल वेगळा वागतो, कधी बरा, कधी वाईट. सिझियम हा धातू मिसळून ब्रोमाइड कमी ठेवलं की हे सरकणं बरंच आवरतं. पुरतं थांबत मात्र नाही.