केव्हिन कॉनरॉय मालिका सोडून आवाजाकडे का वळला?

मधलीसुट्टी:
तीन वर्षं मालिकांत किरकोळ कामं करतोय. इन्स्पेक्टरच्या मागचा हवालदार, लग्नातला मामेभाऊ, असलं काहीबाही. गेल्या महिन्यापासून डबिंगला बोलावणी येताहेत. आईचं एकच पालुपद, ‘तोंड दिसत नाही तर नातेवाइकांना दाखवायचं काय?’ परवा कळलं की ज्याचा बॅटमॅन ऐकत मोठा झालो, तो केव्हिन कॉनरॉयही आधी मालिकांतच होता. पडद्यावर जमलं नाही म्हणून इकडे आला का तो?

रात्रपाळी:
जमलं नाही कसं? न्यूयॉर्कच्या जुलियर्ड या नामांकित नाट्यशाळेत शिष्यवृत्तीवर गेलेला पोरगा. नाट्यदिग्दर्शक जॉन हाउसमनच्या हाताखाली शिकला, पुढे नट म्हणून गाजलेला रॉबिन विल्यम्स त्याचा रूममेट. मग शेक्सपिअरची नाटकं, टीव्हीवर ‘अनदर वर्ल्ड’, ‘डायनॅस्टी’, ‘टूर ऑफ ड्यूटी’. कामं होती, नाव व्हायचं राहिलं होतं.

बॅटमॅनच्या व्हॉइस टेस्टला गेला तेव्हा ॲनिमेशनचं एकही काम गाठीशी नव्हतं. डोक्यात जुन्या टीव्ही मालिकेतला ॲडम वेस्टचा विनोदी बॅटमॅन. ॲनिमेशन मालिकेच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या ब्रूस टिमने समजावलं, तसा नकोय. आईबाप डोळ्यांदेखत मारले गेलेला मुलगा आहे हा. कॉनरॉयने आवाज खाली नेला आणि काम मिळालं. १९९२ मध्ये मालिका सुरू झाली, ८५ भाग झाले.

त्याची खरी करामत वेगळीच. ब्रूस वेन (मुखवट्याआडचा श्रीमंत माणूस) आणि बॅटमॅन यांना त्याने दोन आवाज दिले, आणि ब्रूसचा हसरा, श्रीमंती आवाज म्हणजे सोंग, बॅटमॅनचा तो खरा, असं धरून चालला. आपण नेमकं उलट केलं असतं. मुखवटा घातला की घसा खरवडायचा!

मी चौदा वर्षं डबिंग करतोय. आपलं काम म्हणजे बूथमध्ये एकटं उभं राहायचं, कानात इंग्रजी ट्रॅक, समोर आधीच हलून झालेले ओठ. ‘म्हणजे’ जास्त झाला की रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून मान हलवतो. तिकडे मूळ ॲनिमेशनमध्ये आधी आवाज, मग त्यावरून चित्रं. शिवाय व्हॉइस डायरेक्टर अँड्रिया रोमानो सगळ्यांना शक्यतो एकत्र बसवून रेकॉर्ड करायची. समोर जोकर म्हणून मार्क हॅमिल! आपल्याला जोकर मिळतो तो हेडफोनमध्ये, तोही परक्या भाषेत.

(पैशांचं मात्र आधी लिहून घे. माझे एका कोऑर्डिनेटरने आठ महिने लटकवले होते.)

खारीबटर:
रात्रपाळी, दोन आवाजांबद्दल थोडी भर. कॉनरॉय समलिंगी होता आणि कामं जातील म्हणून अनेक वर्षं ते लपवत होता. घरी वडिलांचं दारूचं व्यसन, भावाला स्किझोफ्रेनिया. हे सगळं त्याने २०२२ मध्ये ‘फाइंडिंग बॅटमॅन’ या छोट्या कॉमिकमध्ये स्वतः लिहिलंय. सोंग कुठलं आणि खरं कुठलं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ६६ व्या वर्षी गेला. पुढच्या वर्षी त्या कॉमिकला आयझनर हा कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार मिळाला.

रात्रपाळी:
कॉमिकचं माहीत नव्हतं. मिळवून वाचतो.

मसु, आईला एक किस्सा सांग. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये मदतकार्य करणाऱ्यांसाठी हा रात्री स्वयंपाक करायला जायचा. त्याला चेहऱ्याने कोण ओळखणार? जेवणाऱ्यांना कुणीतरी सांगितलं, आत बॅटमॅन रांधतोय. कुणाला पटेना. मग त्याने स्वयंपाकघरातूनच बॅटमॅनचा गाजलेला डायलॉग खड्या आवाजात टाकला. बाहेर क्षणभर शांतता, आणि मग हसण्याचा एकच कल्लोळ.

मधलीसुट्टी:
दोघांचेही आभार. किस्सा सांगितला. आई म्हणाली, ‘बघ, त्याला स्वयंपाक तरी येत होता.’

उद्या दुपारी दोनचा स्लॉट आहे. पात्र: बोलणारा वॉलरस. तिला अजून सांगितलेलं नाही.