सिस्टीम फाइल खराब झाल्याने संगणक सुरू न होणे : आपापले अनुभव लिहा

बटण दाबले की पंखा फिरतो, कंपनीचे चिन्ह झळकते आणि विंडोजऐवजी काळ्या स्क्रीनवर चार इंग्रजी ओळी उमटतात. गेल्या आठवड्यात माझ्या घरी हे घडले, तेव्हा चौघांना विचारले आणि चौघांनीही ‘फॉरमॅट मारा’ असेच सांगितले. फॉरमॅट न करता ज्यांनी संगणक पुन्हा चालू केला त्यांनी इथे सविस्तर लिहावे. ज्यांचा प्रयत्न फसला त्यांनी तर आवर्जून लिहावे. स्क्रीनवरील संदेश नेमका कोणता होता आणि डेटा वाचला की नाही, हे मात्र स्पष्ट असावे.

डीटीपी व्यवसाय, इचलकरंजी

गोष्ट २००७ सालची आहे. भारनियमनाचे दिवस होते, यूपीएसची बॅटरी केव्हाच मान टाकून बसली होती आणि लग्नसराईमुळे पत्रिकांची कामे साचली होती. वीज गेली आणि परत आल्यावर विंडोज एक्सपीने सांगितले की सिस्टीम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातील ‘सिस्टीम’ नावाची फाइल गहाळ आहे किंवा खराब झाली आहे. ही रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवते त्या नोंदवहीची, फाइल असते. विंडोज तिच्यात सतत काही ना काही लिहीत असते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर ती अर्धवट राहू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. फॉरमॅट करायचे तर मराठी टायपिंगची श्रीलिपी, पानांची मांडणी करणारे पेजमेकर, प्रिंटर हे सगळे नव्याने बसवण्यात दोन दिवस जाणार होते आणि मुहूर्त तर कोणासाठी थांबत नाही.

एका मित्राने फोनवरून मार्ग सांगितला. एक्सपीची सीडी घालून संगणक सुरू करायचा, निळ्या स्क्रीनवर ‘आर’ दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये (आज्ञा टाईप करून दुरुस्ती करायच्या स्क्रीनवर) जायचे, पासवर्ड विचारला तर (आमच्याकडे तो नव्हताच) नुसते एंटर दाबायचे. त्याने पहिली सूचना दिली ती अशी, की खराब फाइल पुसायची नाही, दुसऱ्या नावाने कॉपी करून ठेवायची. त्यानंतर विंडोजमधल्या ‘रिपेअर’ फोल्डरातील त्याच नावाची फाइल तिच्या जागी आणली. या फाइलीच्या नावापुढे टिंब देऊन ‘डॉक’सारखे कोणतेही शेपूट नसते, त्यामुळे आपण चुकीचे काही टाईप केले की काय, असे दर वेळी वाटत राहते.

विंडोज सुरू झाले, पण रिपेअरमधली ही प्रत विंडोज टाकले त्या दिवशीची असते. साहजिकच नंतर जोडलेला प्रिंटर त्याला ओळखेना. मग सिस्टीम रिस्टोअर या विंडोजच्याच सोयीने दोन दिवसांपूर्वी जपून ठेवलेली प्रत एका लपलेल्या फोल्डरातून बाहेर काढली, नाव बदलले आणि पुन्हा कन्सोलमधून जागेवर बसवली. प्रिंटर परत आला. रात्री अकराला पत्रिका छापायला लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी यूपीएसची बॅटरी घेतली.

अभियांत्रिकीचा माजी विद्यार्थी, नागपूर

माझा अनुभव फसलेला आहे. २०२१ मध्ये वडिलांच्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर रजिस्ट्रीचीच तक्रार आली. एका जुन्या व्हिडिओत सांगितले होते की कॉन्फिगच्या आतील ‘रेगबॅक’ फोल्डरात रजिस्ट्रीच्या पाचही फाइलींच्या प्रती असतात, त्या बाहेर आणून मूळ फाइलींवर टाकाव्यात. रिकव्हरीतील कमांड प्रॉम्प्टवर मी तेच केले आणि मूळ फाइली बाजूला ठेवण्याचे कष्ट घेतले नाहीत. पाचही प्रती शून्य किलोबाइटच्या होत्या. २०१८ च्या १८०३ या आवृत्तीपासून विंडोजने या प्रती आपोआप काढणे बंद केले आहे. फाइलींची नावे दिसतात, आत काहीही नसते. ‘डिर’ (dir) ही फोल्डरातील फाइलींची यादी दाखवणारी तीन अक्षरांची आज्ञा आधी दिली असती, तर आकार डोळ्यांसमोर आला असता. जी रजिस्ट्री कदाचित दुरुस्त झाली असती, ती मी स्वतःच्या हाताने रिकामी केली.

सुदैवाने डिस्क एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपात कुलूपबंद) नव्हती. पेनड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली चालवून वडिलांची कागदपत्रे व फोटो बाहेर काढले आणि विंडोज नव्याने टाकले. रिकव्हरीत असताना विंडोजचा ड्राइव्ह ‘सी’ असेलच असे नसते, पुष्कळदा तो ‘डी’ होऊन बसलेला असतो, हेही त्याच दिवशी कळले.

निवृत्त शिक्षिका, सातारा

माझ्या संगणकावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ (विंडोज सुरू करून देणारी फाइल सापडत नाही) असे आले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मागे लावलेला माझ्या नातवाचा पेनड्राइव्ह काढला आणि संगणक सुरू झाला. यंत्र आधी पेनड्राइव्हवर विंडोज शोधत होते, असे तो म्हणाला. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. चहा मात्र घेतला.

आयटी विभाग, पुणे

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी साडेनऊनंतर आमच्याकडची यंत्रे निळी पडू लागली, म्हणजे बंद पडून निळा स्क्रीन दाखवू लागली. विंडोजची फाइल खराब झाली नव्हती. एका सुरक्षा-सॉफ्टवेअरने पाठवलेली सदोष फाइल ड्रायव्हर फोल्डरात येऊन बसली होती, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रांची तीच गत झाली होती. उपाय एका ओळीचा होता : सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरतेच विंडोज चालू करून) जाऊन ती एक फाइल पुसणे. मात्र बिटलॉकर हे डिस्कचे विंडोजमधले कुलूप लावलेल्या यंत्रात शिरण्यासाठी त्या त्या यंत्राची ४८ आकडी चावी लागते, आणि आमची निम्मी माणसे घरून काम करत होती.

कुडाळच्या एका सहकाऱ्याला मी फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट सांगत होतो. सुरुवातीला ‘एकोणसाठ, एकोणसत्तर’ असे जोडीने सांगितले आणि दोनदा चूक झाली. मग एकेक आकडा सुटा सांगायचा, असे ठरले. त्या दिवशी मी ३१ चाव्या वाचल्या. आता चाव्यांची यादी एका वेगळ्या जागी छापूनही ठेवली आहे, कारण त्या दिवशी ज्या सर्व्हरवर यादी होती, तोही निळाच होता.

संगणक दुरुस्ती, सांगली

वर इचलकरंजीच्या अनुभवात फाइल बदलली आणि विषय संपला. माझ्याकडे जी यंत्रे पुन्हा पुन्हा येतात, त्यांत फाइल ही फक्त बळी असते. एका अडत्याच्या संगणकावर मी तीनदा सिस्टीम फाइल चेकर (खराब सिस्टीम फाइली शोधून बदलणारी विंडोजची सोय) चालवला, ती चांगल्या फाइली जिथून घेते ती विंडोजची मूळ प्रतही दोनदा दुरुस्त केली, आणि दर वेळी आठवड्याभरात वेगळीच फाइल खराब निघे. चौथ्या वेळी रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, लावून ठेवली. सकाळी लाल ओळींनी स्क्रीन भरला होता. रॅमची पट्टी काढून तिचे पितळी रंगाचे दात खोडरबराने घासले, जागा बदलून पाहिली, तरी ओळी येतच राहिल्या. पट्टी बदलली आणि त्यानंतर तो संगणक माझ्याकडे आलेला नाही.

म्हणून हल्ली आधी डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहतो. खराब सेक्टरांचा (डिस्कवरच्या साठवणीच्या कप्प्यांचा) आकडा वाढत असेल, तर चेकडिस्कला, म्हणजे विंडोजच्या डिस्क-तपासणीला, हात लावत नाही, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ती तासन्‌तास चालली की उरलेला डेटाही जातो. अशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडतो आणि टॅलीचा फोल्डर आधी उतरवून घेतो. धागाकर्त्यांनी आपल्या स्क्रीनवरच्या त्या चार ओळी जशाच्या तशा लिहिल्या, तर पुढचे सांगता येईल.