परदेशात शिकताना गरीब वस्तीत राहणं: अनुभव की सोंग?

फोंड्याची
पोर्तुगीज शिकायला मी मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, पाच महिने होते. तिथले लोकच म्हणतात की मापुतोत दोन शहरं आहेत: एक सिमेंटचं, एक बोरूचं. सिमेंटचं पोर्तुगिजांनी स्वतःसाठी बांधलं. त्याच्याभोवती बोरूच्या कुडांची आणि पत्र्याची वस्ती वाढली. पहिला महिना सिमेंटच्या भागात काढला. मग ‘खरं मापुतो’ पाहायचं म्हणून वस्तीत एका बाईंच्या आवारात खोली घेतली. पहाटे ड्रम भरायचे, ‘चापा’ म्हणतात त्या खच्चून भरलेल्या मिनीबसने वर्गाला जायचं, रात्री शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. घरी फोटो पाठवताना ऊर भरून यायचा.

मग मलेरिया झाला. त्याच आठवड्यात बाईंच्या मुलालाही. मी विम्याचं कार्ड घेऊन टॅक्सीने खासगी दवाखान्यात गेले. तासाभरात रक्त तपासलं, गोळ्या मिळाल्या. तो सरकारी केंद्राच्या ओट्यावर सकाळपासून दुपारपर्यंत तापाने फणफणत बसून होता. त्या दिवसापासून माझं तिथलं राहणं मला खोटं वाटतं. ऐपत आहे तर ऐपतीप्रमाणे राहावं, भाडं पूर्ण द्यावं, ‘आम्ही तुमच्यातलेच’ असं सोंग आणू नये. तुम्हांला काय वाटतं?

डिचोलीकर
बाय, तुझा प्रामाणिकपणा आवडला, निष्कर्ष अजिबात पटला नाही. आमच्या आजोळचे लोक तिथेच होते, मापुतोला लोरेंसो मार्किश म्हणत तेव्हा. पुढे दुकान, मागे घर. तीस वर्षं राहिले, पण तिथली भाषा उधारी वसूल करण्यापुरती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं मोझांबिकातल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता घेतली, देशाबाहेर काढलं. घरात ती हकिगत अन्यायाची म्हणून सांगतात, आणि अन्याय होताच. पण त्या सगळ्या हकिगतीत शेजारच्या एकाही आफ्रिकन माणसाचं नाव नाही. ऐपतीप्रमाणे राहिलं की हे असं होतं.

आणि दुसरीकडे आकिनो द ब्रागांसा बघ. जन्म गोव्यातला. मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमो संघटनेच्या लढ्यात उतरले, मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठात आफ्रिकन अभ्यास केंद्र उभं केलं आणि १९८६ साली तिथले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. ते सिमेंटच्या आत बसून राहिले नाहीत.

हणजूणची
काका, त्यांनी आयुष्य दिलं. पाच महिन्यांच्या व्हिसाला ते माप लावू नका.

मी उलट्या बाजूनं सांगते. सत्तरच्या दशकात माझ्या आजीनं पुढची खोली हिप्पींना दिली होती. आमच्या विहिरीवर अंघोळ, जमिनीवर चटई, हातानं शीत-कडी. आजी विचारायची, “यांना खाट परवडते, मग जमिनीवर कशाला निजतात?” आमच्याकडे खाट बऱ्याच वर्षांनी आली. पुढे वडिलांनी कौलं उतरवून स्लॅब घातला. त्या वेळी जुन्यांपैकी एक बाई परत आली होती. ती अंगणात उभी राहून हळहळली, म्हणे पूर्वीचं राहिलं नाही! पावसाळ्यात त्या कौलांखाली आम्ही भांडी मांडून बसायचो. आमच्याकडे जे नव्हतं, त्यालाच ती खरा गोवा समजत होती.

डिचोलीकर
हळहळणं चूक, मान्य. पण आजीनं भाडं घेतलं ना? ते लोक हॉटेलात उतरले असते तर तिला बरं वाटलं असतं?

हणजूणची
भाडं घेतलं, आणि त्यावर वडिलांची फी भरली. भाड्याला माझी हरकत नाहीच. आमच्या हालांत त्यांना समाधान मिळत होतं, ते मला आजही बोचतं.

साखळीचा मास्तर
फोंड्याची, ते फोटो बाईंना विचारून काढले होते का?

फोंड्याची
पहिला विचारून काढला. नंतरचे नाही. परवा सगळे काढून टाकले.

डिचोलीकर
फोटो राहू देत. त्या मुलाचं पुढे काय झालं?

फोंड्याची
बरा झाला. पण वर एक गोष्ट लिहिली नाही, ती लिहिते. टॅक्सीत जागा होती. तो कूडाला टेकून बसला होता. मी त्याला ‘चल’ म्हटलं नाही. विमा फक्त माझा आहे, एवढंच डोक्यात होतं. त्याच्या तपासणीचे पैसे माझ्याकडे होते.

डिचोलीकर
हे आधी लिहायला हवं होतंस, बाय. आणि तरी मी माझं सोडत नाही. तू तिथे राहत होतीस, म्हणून कूडाला टेकलेला तो तुला दिसला. सिमेंटच्या भागात तो दिसलाच नसता.

फोंड्याची
दिसला, काका. आणि दिसल्यावर मी टॅक्सीत बसले.