पासपोर्टवरचं 'लेट' म्हणजे नक्की काय?

माजघर

नमस्कार मंडळी. मी कराडची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, आणि तेही बेताचंच. प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

परवा पोस्टमन माझा पासपोर्ट देऊन गेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिलाच. लेक आयर्लंडला असते, मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे. देवापुढे ठेवण्याआधी उघडून वाचला. राष्ट्रपतींच्या नावाने सगळ्यांना विनंती केलीय की ह्या बाईला मोकळेपणी जाऊ द्या, 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स'. हिंडरन्स म्हणजे अडथळा, एवढं मला कळतं. पण लेट म्हणजे होऊ देणं ना? 'लेट मी गो' मधलं? मग विदाउट लेट म्हणजे जाऊ न देता? आधी जाऊ द्या म्हणायचं आणि त्याच वाक्यात जाऊ देऊ नका?

पुतण्या दहावीत आहे, इंग्रजीत वर्गात पहिला. तो म्हणाला, "काकू, प्रिंटिंग मिस्टेक आहे. परत पाठव." हे ऐकून आमच्या ह्यांनी आलेलं पाकीट केराच्या डब्यातून शोधून काढलं. मात्र वरच्या हिंदीत स्वच्छ 'बिना रोक-टोक' छापलंय, म्हणजे चूक नसावी असं मला वाटतं. मग हा लेट कुठला?

पॅसेंजर

सोप्पंय काकू. कोयना एक्सप्रेस लेट असते ना, त्यातला लेट. बाईंना लेट करू नका, विमान चुकेल.

माजघर

थट्टा पुरे. स्पेलिंग एल-ई-टी आहे. गाडीच्या लेटला ए लागतो.

बॅकहँड

काकू, टेनिस बघता का? सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून बरोबर चौकोनात पडला की पंच 'लेट' पुकारतात आणि सर्व्हिस पुन्हा करायला लावतात. आमच्या क्लबात अर्धे लोक 'नेट' म्हणतात, कारण लेटचा अर्थच लागत नाही. तो हाच लेट, म्हणजे अडथळा.

स्क्वॉशमध्ये तर अजून स्पष्ट दिसतं. एका खोलीत दोघं खेळतात, समोरचा वाटेत आला आणि चेंडूपर्यंत पोचता आलं नाही तर आपण 'लेट प्लीज' म्हणतो. रॅली पुन्हा. मी वीस वर्षं हे ओरडतोय आणि इतकी वर्षं मला वाटायचं, आपण 'जाऊ दे ना भाऊ' असं म्हणतोय.

जुना_टंकलेखक

बॅकहँड यांनी निम्मं काम केलं. उरलेलं मी करतो, कारण ह्या लेटने माझा एका दिवसाचा पगार खाल्लाय.

मी चौतीस वर्षं पुण्यात कोर्टाच्या आसपास दस्त टाइप केले. आमचं इंग्रजी डोक्यात नसायचं, बोटांत असायचं. मुखत्यारपत्र सुरू होतं 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स' असं. ते मी हजार वेळा तरी बडवलं असेल. बरीच वर्षं माझी समजूत, कुणीतरी कुणाला भेटी देतंय. प्रेझेंट्स म्हणजे 'हा समोरचा कागद', हे फार उशिरा कळलं.

तर १९७९ साल. नोकरीला लागून तीन महिने झालेले. मुंबईच्या पार्टीचं खरेदीखत होतं म्हणून इंग्रजीत. वकीलसाहेबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. त्यात ओळ आली की खरेदीदाराने मिळकतीचा शांतपणे उपभोग घ्यावा, 'विदाउट एनी लेट ऑर हिंडरन्स'. मलाही तुमच्या पुतण्यासारखंच वाटलं, साहेब घाईत चुकले. मी शहाणपणा केला आणि टाइप केलं, 'विथ लेट अँड विदाउट हिंडरन्स'. परवानगीने आणि अडथळ्याविना. वाचायला काय छान!

साहेबांनी ते पान दिव्याखाली धरलं. मग मला विचारलं, "पैसे मोजून घेतलेल्या घरात राहायला त्याने परवानगी कुणाची काढायची? तुझी?" हिरव्या लेजर पेपरचं पान आणि खाली तीन कार्बन कॉपी, सगळं रद्दीत. नशीब, पान तिसरं होतं. पहिलं असतं तर स्टँप पेपर वाया गेला असता आणि पगार महिनाभराचा कापला असता. ते एवढंच म्हणाले, "लेट म्हणजे इथे खोडा. का, ते मला विचारू नकोस." मी विचारलं नाही. निवृत्तीनंतर कोश घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला.

इंग्रजीत लेट हे मुळात दोन वेगळे शब्द होते. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एक 'लेट्टान', म्हणजे अडवणं, खोळंबा करणं. दुसरा 'लॅटान', त्यात ॲ लांब, म्हणजे सोडणं, होऊ देणं. पुढे शेपट्या झडल्या, स्वर सरकले आणि दोन्ही एकाच साच्यात जाऊन बसले. अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध. तरी कित्येक शतकं दोघं एकत्र नांदले. १६०० च्या सुमाराला शेक्सपिअरचा हॅम्लेट बापाच्या भुतामागे निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो की जो मला 'लेट' करेल त्याचंच भूत करीन. म्हणजे जो अडवेल त्याचं. १६११ च्या बायबलात पॉल रोमकरांना लिहितो की तुमच्याकडे यायचं कितीदा तरी ठरवलं, पण आजवर 'लेट' झालो. अडलो, असं त्याला म्हणायचंय. आजच्या इंग्रज पोराने वाचलं तर त्याला वाटेल, ह्याला परवानगी मिळाली होती, मग गेला का नाही?

एका म्यानात दोन तलवारी किती दिवस राहणार? रोजच्या बोलण्यात 'होऊ देणं' जिंकलं. घरावरच्या 'टू लेट' पाटीतला लेटही त्याचाच. हरलेला शब्द मात्र जिथे मजकूर कुणी बदलत नाही तिथे जाऊन लपला. दस्तात, पासपोर्टात, खेळाच्या नियमांत. टाइप करणारा आधीचा कागद समोर ठेवूनच टाइप करतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. मी एकदा बदलायला गेलो तर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आणि पॅसेंजर, तुम्ही चेष्टेत बोललात पण नेम अचूक बसला. 'लेट्टान' हा शब्द ज्याच्यापासून झाला तो 'लॅट', आखूड स्वराचा, म्हणजे मंद, रेंगाळणारा. आजचा गाडीचा लेट तोच. लेट्टान म्हणजे लेट करणं. इंग्रजांनी स्पेलिंगं वेगळी केली म्हणून त्यांना ओळख पटत नाही. आपण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून तुम्हाला न शिकता पटली.

एडिसनकर

वा! हे वाचून बायकोचा अमेरिकन पासपोर्ट काढला. (माझा अजून भारतीयच आहे, त्यावरून घरात रोज चर्चा.) तिच्यावर जवळजवळ तेच वाक्य आहे, पण 'विदाउट डिले ऑर हिंडरन्स'. लेट काढून डिले घातलाय! म्हणजे पॅसेंजरच्या बाजूने आता एक सरकारी पुरावा.

शंकासुर

काका, माहिती झकास. असाच एक 'दि एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल'. लोक ह्याचा अर्थ 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असा करतात, जे तर्काला धरून नाही. एक काळा हंस दिसला तर 'सगळे हंस पांढरे' हे सिद्ध होतं की खोटं ठरतं? मी वाचलंय की जुन्या इंग्रजीत प्रूव्ह म्हणजे पारखणं. अपवाद नियमाची परीक्षा घेतो, हा खरा अर्थ. 'प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग' मध्येही तेच आहे, खाऊन पारखा.

जुना_टंकलेखक

शंकासुर, पुडिंगबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. एक्सेप्शनबद्दल मात्र नाही, जरी हे उत्तर सगळीकडे छापलेलं सापडतं. ती म्हण कोर्टातली आहे, त्यामुळे मला मध्ये पडू द्या.

इसवी सनापूर्वी ५६ मध्ये रोममध्ये बाल्बस नावाच्या माणसावर खटला भरला. तो गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिसचा. मुद्दा असा की त्याला मिळालेलं रोमचं नागरिकत्व बेकायदा आहे. बचावाला रोमचा नामांकित वकील सिसेरो उभा. विरुद्ध बाजूने म्हटलं की काही जमातींशी रोमने केलेल्या तहांत स्पष्ट लिहिलंय, त्यांच्यातल्या कुणाला नागरिक करून घेऊ नये. सिसेरोने तेच उचललं. तिथे मुद्दाम बंदी लिहावी लागली, ह्याचा अर्थ जिथे लिहिलेली नाही तिथे मुभा आहे. पुढे ह्या युक्तिवादाचं लॅटिन सूत्र झालं: न वगळलेल्या बाबतीत अपवाद नियमाला बळकटी देतो.

गावच्या वाचनालयावर पाटी असते, 'सोमवारी बंद'. बाकी सहा दिवस उघडं असतं असं कुठेही लिहिलेलं नाही, पण त्या पाटीवरूनच ते कळतं. एवढाच मूळ अर्थ. इथे एक्सेप्शन म्हणजे लिहून वगळणं. काळा हंस पाटी लावून येत नाही.

सूत्राची मागची अर्धी ओळ गळाली आणि म्हण वाट्टेल तिथे चिकटायला मोकळी झाली. आता कुणी आपल्या बोलण्यातली चूक दाखवली की 'अहो, अपवादाने नियम सिद्ध होतो' म्हणायचं आणि सुटायचं. मराठीत तर ती बिघडलेल्या अर्थासकटच आली. अर्थात आपला 'अपवाद'ही कमी नाही. एकटा असला की वगळणूक, पण 'लोकापवाद' म्हटलं की निंदा. समासात शिरलेला जुना अर्थ तिथेच राहिला, लेट पासपोर्टात राहिला तसा.

आमच्या धंद्यातला मराठी नमुना म्हणजे राजीनामा. सरळ फोड केली तर राजी असल्याचा कागद. जुन्या महसुली दप्तरात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. आज साहेबाच्या टेबलावर आपटून यावं, तरी तो राजीनामाच.

संस्कृतवाली

काका, मृग राहिला! मृग म्हणजे कुठलंही रानातलं जनावर. म्हणून मृगया म्हणजे शिकार, मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड. मराठीत उरलं फक्त हरीण. इंग्रजी 'डिअर'चं अगदी हेच झालंय. आधी कुठलाही प्राणी, आता फक्त हरीण. किंग लिअरमध्ये वेड्याचं सोंग घेतलेला एक जण उंदीर-घुशींना 'स्मॉल डिअर' म्हणतो. वर्गात सांगितलं की मुलं खिदळतात. मग मी त्यांना सिंहाला हरणांचा राजा का म्हणत नाहीत ते विचारते.

माजघर

सगळ्यांचे आभार, विशेषतः टंकलेखक भाऊ, तुमचे. पुतण्याला सगळं वाचून दाखवलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे पॅसेंजर बरोबर होता?" त्याला तेवढंच लागलं! पाकीट पुन्हा केरात गेलं आणि पासपोर्ट देवापुढे.

आता काळजी वेगळीच. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचेत, चांगले अर्ध्या किलो साजूक तुपातले. डब्लिनच्या कस्टमवाल्यांनी ते लेट केले नाहीत म्हणजे मिळवली.